सागाच्या पानांची जाळी

माझा नवरा जंगलखात्यात नाकेदार होता आणि अमडापूरच्या पलीकडे डोंगराच्या कडेला आम्हाला सरकारी खोली मिळाली होती. राज्य तेव्हा नवंच झालं होतं. लग्नाआधी त्यांनी तिथल्या उघड्या बरडावर साग लावला होता आणि लग्नानंतर बायकोपेक्षा त्याचीच विचारपूस जास्त व्हायची. मला सवत मिळाली ती अशी, अख्खं रानच.

एका भादव्यात त्या सागावर अळी पडली. पानाचा हिरवा भाग खाऊन ती शिरा तेवढ्या ठेवायची. पाहता पाहता सगळ्या पानांची जाळी झाली, त्यातून आभाळ दिसायला लागलं. हे रोज जाऊन नखानं साल खरवडायचे, तर आत ओलं आणि हिरवं.

"याले मेलं म्हनू का जितं म्हनू?" मला विचारायचे.

मी काय सांगणार? माझं माहेर मलकापूरचं. सागाशी माझी ओळख दारं-खिडक्यांपुरती.

त्यातच रेंजरसाहेब येऊन गेले. दिवाळीनंतर परत येईन, तोवर सुधारणा दिसली नाही तर सगळी झाडं बुडापासून तोडायची, असं सांगून गेले. यांचं जेवणावरचं लक्षच उडालं.

मग पिंपळगाव राजाहून सासरे आले. जन्मभर कपाशी केलेला माणूस. कापूस वेचून झाला की पराटी, म्हणजे उरलेली झुडपं, उपटायची आणि जाळायची, म्हणजे बोंडातली अळी मरते, हे त्यांचं पक्कं गणित. सागाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "तोड अन् जाळ. ठेवलं तं बाकीचंबी खाते."

"बाबा, हे कपाशी नाही."

"अळी तं अळीच असते ना बे!"

यांना कुणाचं ऐकावं ते कळेना, म्हणून नाल्याकडची तेवढी झाडं तोडली. उन्हात वाळल्यावर बापलेकांनी मिळून ती पेटवली. घरी येऊन हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि सासऱ्यांचा रागही आला.

दसऱ्याला उरलेल्या सगळ्या झाडांना नवी पानं फुटली! सासरे मिशीत हसून म्हणाले, "जाळलं म्हनून वाचले." हे म्हणाले, "जाळलेलेबी वाचले असते." घरात तोच एक वाद. मला दोघांचंही पटायचं, ज्याच्या ताटात वाढत असेन त्याचं जरा जास्त.

आणि गंमत म्हणजे नाल्याकडच्या जळक्या बुंध्यांनाही कोंब आले. सरळसोट, आणि पानं सुपाएवढी. आता तर मला काहीच समजेना. अळीनं खाल्लेलं बरं झालं, तोडलेलंही बरं झालं, मग आजारी होतं ते कोण?

दिवाळीनंतर साहेब आले. उभ्या झाडांवरून नजर फिरवून थेट कोंबांपाशी थांबले.

"हे कसं केलं?"

"तोडलं, साहेब."

"उत्तम. उरलेलंही असंच करा."

"साहेब, ते तं आता बरे झाले."

"बरे आहेत, पण वाकडे आहेत. बुंधा जिवंत आहे तोवर तोडा, म्हणजे या कोंबांसारखे सरळ येतील." आणि जीपमध्ये बसले.

मी संतापले. "तुमी बोलले काऊन नाही?"

"काय बोलू? झाडं वाकडे तं हायेतच."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाड घेऊन हे रानात गेले. मागून भाकरी घेऊन मी गेले, सोबत सासरेही. पहिलं झाड आडवं झालं होतं, पानं अजून टवटवीत होती.

सासऱ्यांनी धावत जाऊन यांचा हात धरला. "आता काऊन तोडून राह्यला बे? हे तं बरे झाले ना!"

"बरे झाले म्हनूनच तोडून राह्यलो, बाबा."

सासरे माझ्याकडे पाहायला लागले. मी यांच्याकडे पाहायला लागले. यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि दुसऱ्या झाडाची साल नखानं खरवडून पाहिली.