शनिवारी कापलेली नखं

मुलांनो, तुमच्यातली थोरली तिकडच्या इस्पितळात अर्धांगवायूच्या रोग्यांकडून व्यायाम करून घेते. परवा फोनवर ती सहज म्हणाली, "आजी, पहिल्या तीन दिवसांत आम्ही मुख्यतः दोन गोष्टी बघतो. खांदा थोडा उचलता येतो का, आणि बोटं उघडता येतात का. मिटता नाही हं, उघडता. दोन्ही जमत असेल तर हात कामाला येण्याची बरीच आशा असते."

मी "असं होय" म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुःख नव्हतं ते, संताप होता. तो कशाचा ते आता क्रमाने लिहिते, कारण रागात क्रम चुकतो.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, फोर्टातल्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. आम्ही ठाकूरद्वारच्या एका वाडीत दोन खोल्यांत राहायचो: बाबा, आई, बाबांची विधवा बहीण म्हणजे माझी आत्या, आणि मी. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. बाबांचं अक्षर इतकं सुरेख होतं की ऑफिसात नव्याने लागलेल्यांना त्यांची पत्रं कित्ता म्हणून देत.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. त्या गुरुवारी गिरगावात बंद होता, म्हणून बाबा घरीच होते. सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातला वस्तरा गळून पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबू लागला. रस्त्यावर वाहन नव्हतं. वाडीचे डॉक्टर चालत आले. त्यांनी बाबांचा हात वर उचलला आणि सोडून दिला. तो गादीवर आपटला. मग आपलं बोट त्यांच्या मुठीत देऊन म्हणाले, "दाबा." बाबांना दाबता आलं नाही.

"पाय येईल, वहिनी," डॉक्टर आईला म्हणाले, "हात येत नाही. मी पुष्कळ पाहिलेत."

संध्याकाळी निरोप कळून ऑफिसचे सुपरिंटेंडेंट चालत भेटायला आले. सज्जन माणूस. ते म्हणाले, "तीन महिन्यांत हात कामाला येईल असं डॉक्टरांनी लिहून दिलं, तर खुर्ची राखून ठेवतो. नाहीतर साहेब दुसरा माणूस नेमणार. सोमवारपर्यंत कागद लागेल." म्हणजे बाबांचं सगळं डॉक्टरांच्या त्या एका ओळीवर आलं.

मी नोंदींची वही सुरू केली. औषध कधी, चहा किती, झोप किती, सगळं वेळ टाकून. शुक्रवारची नोंद: "बंडी चढवताना उजवा खांदा स्वतः थोडा उचलला."

शनिवारी सकाळी पाहिलं तर मिटलेल्या मुठीत वाढलेली नखं तळव्याला रुतत होती. आई देवळात गेली होती. मी शिवणाच्या डब्यातली छोटी कात्री घेतली. "बाबा, बोटं उघडा बघू." मधलं बोट हललं. मग त्याच्या शेजारची दोन. हळूहळू, पण उघडली. मी मूठ परत मिटवली आणि म्हटलं, "पुन्हा." पुन्हा उघडली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाकड्या तोंडाने हसले. मी नखं कापली आणि वहीत लिहिलं: "साडेनऊ. तीन बोटं स्वतः उघडली. दोनदा."

तेवढ्यात आत्या आली.

"अगं कार्टे! शनिवारी नखं?"

"आत्या, बाबांनी बोटं उघडली!"

"आधीच साडेसाती मागे, त्यात आजारी माणसाची नखं काढतेस! कॉलेजात हेच शिकवतात?"

दुपारपर्यंत वाडीभर झालं. शेजारणी येऊन विचारत होत्या ते नखांचं. बोटांचं कोणीही विचारलं नाही. आई देवळातून आली ती रडतच. तिने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, हाताला तेल लावलं आणि हात छातीशी बांधून टाकला, मला पुन्हा शिवता येऊ नये म्हणून. डाव्या हाताने जेवणं आमच्यात शोभत नसे, तेव्हा घास तीच भरवू लागली.

सोमवारी डॉक्टर आले. आत्याने दारातच नखांची कथा सांगितली. ते मोठ्याने हसले. "मग, शनिमहाराज कोपले का?"

मी वही पुढे केली. त्यांनी वाचली. "हे झटके असतात. बोटं आपोआप हलतात."

"मी सांगितल्यावर उघडली, डॉक्टर. दोनदा."

"तू बी.ए. करतेयस ना? ते नीट कर. डॉक्टरकी माझ्याकडे राहू दे."

"पट्टी सोडून बघा तरी."

"अगं, त्या हाताला विश्रांती हवी!" आई म्हणाली. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि इंग्रजीत लिहिलं की उजवा हात पुन्हा कामाला येण्याची शक्यता नाही. पट्टी सोडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सुपरिंटेंडेंट निवृत्तीचा कागद आणि शाईचं पॅड घेऊन आले. ज्यांचं अक्षर कित्ता म्हणून देत, त्या माणसाच्या डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. बाबांनी अंगठ्याची शाई पुसू दिली नाही. दिवसभर ते त्या अंगठ्याकडे बघत होते.

पुढे आई घास भरवून दमली, तेव्हा पट्टी सुटली. आखडलेला खांदा रोज दुखवत बाबा स्वतः भात कालवायला लागले. मग बटणं. मग टाक धरायला. एके सकाळी त्यांनी माझ्या वहीत आपली सही केली, थोडी थरथरती, पण तीच. मी दिवस मोजले. सुपरिंटेंडेंटांच्या तीन महिन्यांना अजून बारा दिवस बाकी होते. बाबांनी त्याच हाताने ऑफिसला अर्ज लिहिला. उत्तर टाइप केलेलं आलं, दोन ओळींचं: वैद्यकीय दाखल्यानुसार जागा भरण्यात आली आहे.

बाबा म्हणाले, "जाऊ दे गं." मी जाऊ दिलं नाही. डॉक्टर दिसले की रस्ता बदलायची. आत्याशी वर्षभर धड बोलले नाही.

पण थोरले, तुझा फोन ठेवल्यावर मला आठवली ती पट्टीची गाठ. आईने बाबांच्या खांद्यावर मारलेली, साधी, एक टोक ओढलं की सुटणारी. त्या सोमवारी मी त्या गाठीपासून हातभर अंतरावर उभी होते. वही दोन्ही हातांनी धरली होती, पानावर वेळ लिहिलेली होती, आणि मोठी माणसं "राहू दे" म्हणाली म्हणून मी ते टोक ओढलं नाही.