वीस हालचाली

आधी हातातला कप खाली ठेवा, मग सांगतो. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल! एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केलाय, तोही सख्ख्या बापासमोर.

आमचे आप्पा माढ्याला एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मी इथे सोलापुरात. पडलेबिडले तर कळणार कसं? म्हणून मी कायम मागे लागलेलो, चला माझ्याकडे. आप्पा ढिम्म!

मग मी काय शक्कल काढली? हालचाल मोजणारी डबी! भिंतीला चिकटवायची. समोर काही हाललं की मोबाइलवर एक आकडा वाढतो. सकाळी दहापर्यंत वीस भरले नाहीत, की माझा फोन बोंबलणार. एकावर एक फुकट होती, म्हणून दुसरी माझ्याच हॉलमध्ये लावली. हौस हो, दुसरं काय!

आप्पांनी डबीकडे खालीवर पाहिलं आणि अट घातली. "वीस भरले न्हाईत तर मी गप बोचकं बांधून तुज्याकडं येतो. पर भरले, तर परत सोलापूरचं नाव काडायचं न्हाय."

मी एका पायावर तयार झालो.

पहिलाच रविवार. बायको पोरांना घेऊन दुधनीला माहेरी गेलेली. घरात मी, सोफा आणि टीव्ही. स्वर्गच की! बरोबर दहा वाजता फोन बोंबलला. 'माढा: हालचाली तीन.'

तीन! पहाटे पाचला उठणारा माणूस हो! फोन लावला, तर उचलेनात. मी उठून हॉलभर येरझाऱ्या घालायला लागलो. आणि बघतो तर काय, आकडा वाढतोय. चार, पाच, सहा... अरे देवा, आप्पा जमिनीवर तडफडतायत! मी मटकन खाली बसलो, हात जोडले, डोळे मिटले. उघडून पाहिलं तर आकडा थांबलेला. संपलं म्हणलं सगळं. रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू.

आप्पांच्या शेजारच्या नामदेवकाकांना फोन केला. ते जाऊन बघतात तर दार आतून बंद, हाकेला ओ नाही. मी सांगितलं, तोडा दार! काकांनी पहार आणली, गल्लीतली चार माणसं जमवली. सागवानी दार, आप्पांनी उभं राहून करून घेतलेलं, तिसऱ्या घावाला आडवं झालं. इकडे मी फोन स्पीकरवर टाकून हॉलभर नाचतोय आणि आकडा तिशीच्या वर!

"काका, लई तडफडतायत का हो?" मी विचारलं.

"तडफडत न्हाईत. शिव्या देत्यात."

मळ्यातून येऊन आप्पा अंघोळ करत होते. डोक्याला साबण, कमरेला पंचा आणि न्हाणीच्या दारात पहार घेतलेली पाच माणसं!

आप्पांनी काकांचा फोन ओढून घेतला. व्हिडिओ कॉलवर मला म्हणाले, बघ, डबीखाली उभा राहून हात हलवतोय. आकडा जागचा हलेना. मला दरदरून घाम फुटला. कपाळ पुसायला हात वर केला... आकडा एकनं वाढला. पुन्हा पुसलं. पुन्हा एक.

आलं ना लक्षात? दोन्ही डब्या दिसायला एकसारख्या, आणि मी मोबाइलमध्ये नावं उलटी भरलेली. माढ्याची म्हणून बघत होतो ती डबी माझ्याच डोक्यावर होती! सकाळपासून हॉलमध्ये माझ्या हालचाली तीन. एक चहाला, एक खारीला आणि एक रिमोट शोधायला. 'हॉल' नावाखाली पाहिलं, तर आप्पांच्या एक्क्याऐंशी.

मी सगळं कबूल केलं. आप्पांनी साबणाचा फेस पुसत शांतपणे ऐकून घेतलं.

"दार तू बसवून देशील, ते हायच," ते म्हणाले. "पर अट म्हंजे अट. ज्याचे वीस भरले न्हाईत, त्यानं बोचकं बांधायचं. कवा येतोस?"

मागे नामदेवकाका पहारीला धरून हसत होते.

आता रोज दहाला आप्पांचाच फोन येतो, माझे वीस भरले का विचारायला. रिंग वाजली की मी आधी हॉलमध्ये दोन फेऱ्या मारतो आणि मगच उचलतो.