अर्ध्या गाण्याची वरात

नव्वदच्या दशकात माझ्या धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली आणि पहिल्याच दिवाळीला तो वरोऱ्याला एक कॅसेट घेऊन आला. तीत गाणं एकच. कॅसेट उलटून लावली तरी तेच, म्हणजे उलटण्याचे कष्टही वाया. याला सिंगल म्हणतात, असं त्याने आम्हा अडाण्यांना समजावलं. गाणारा इंग्रज, जगभर गाजलेला. वरोऱ्यात तो अजून गाजायचा होता.

पुढे सिंदेवाहीची मुलगी ठरली. थोरली बहीण म्हणून लग्नाची कामं मी वाटून दिली आणि रिवाजाप्रमाणे सगळी माझ्याकडेच परत आली. नवरदेवाकडे एकच काम होतं, शिंप्याकडे माप देणं. ते सोडून तो कॅसेट घेऊन बँडवाल्याकडे गेला. मुलीशी त्याचं आजवर एकदाच बोलणं झालं होतं, तेही तिच्या वडिलांसमोर आणि फक्त पोह्यांबद्दल. आपण काय चीज आहोत हे तिला या गाण्यावरून कळेल, असं त्याचं म्हणणं. मांडवाच्या दारात पाय पडताना शेवटचे ढोल वाजले पाहिजेत, बस.

गाणं मुळात कुजबुजल्यासारखं सुरू व्हायचं, हळूहळू चढायचं, मध्येच पार बंद पडायचं आणि मग एकदम ढोल. बँडमास्तरांनी ते कान लावून ऐकलं.

"भाऊ, हे मधातच थांबून राह्यलं. कॅसेट खराब आहे काय?"

गाण्याचा जीवच त्या शांततेत आहे, असं भावाने सांगितलं. मास्तरांना ते पटलं. बाकीच्या गाण्यांत वाजवणाऱ्याला दम घ्यायलाही सवड मिळत नाही, म्हणाले.

आता आमच्याकडची रीत अशी की वरात निघाली की बँड वाजतच राहतो, तो थेट मांडवाच्या दारातच थांबतो. आतल्या बायका ताटं सजवून बसलेल्या असतात. बँड थांबला की नवरदेव दारात आला, उठायचं. हे आम्हा सगळ्यांना जन्मापासून माहीत. तरी कुणाच्या डोक्यात काही आलं नाही. नवं गाणं होतं ना.

सकाळी पुढे बँड, मागे जीपमध्ये नवरदेव आणि मी, अशी वरात मांडवाच्या अलीकडे आली तेव्हा मास्तरांनी गाणं धरलं. क्लॅरिनेटवर तो इंग्रज बरा वाटत होता. राईस मिलसमोर शांततेची जागा आली. मास्तरांनी हात वर केला आणि शांतता अगदी कॅसेटबरहुकूम पाळली. ती मांडवापर्यंत ऐकू गेली.

पुढे भावाच्या सासूबाई, मागे ताटं घेतलेल्या बायका. दारात नवरदेव नाही म्हटल्यावर त्या रस्त्यावर आल्या. मिलसमोरच त्याला जीपमधून उतरवलं, पाय धुतले, ओवाळलं. मिलमधला कोंडा उडून ताटात पडत होता. नवरदेव खाली उभा असताना आपण जीपमध्येच का बसून राहायचं, म्हणून मीही उतरले.

"मास्तर, पुढचं?" भावाने हळूच विचारलं.

"आता कायचं पुढचं, भाऊ? तुमी पोचले."

एकदा ओवाळल्यावर वरात कसली आणि बँड कसला? नवरदेव मांडवापर्यंत मुकाट चालत गेला. ढोल राहिले ते राहिले. मांडवात तो तोंड असं पाडून बसला होता की मुलीकडच्यांनी मला दोनदा विचारलं, जबरदस्तीनं तर लग्न लावून नाई राह्यले ना?

दुपारी पाठवणी. मुलीची आई रडते आहे, मावश्या रडताहेत, आणि मास्तरांना अर्धवट काम कधी सहन होत नसे. त्यांनी थेट ढोलांपासून सुरुवात केली. मावश्यांचं रडणं जागच्या जागी थिजलं.

जीपमध्ये माझ्यापुढे बसलेल्या नव्या नवरीने विचारलं, "हे काय वाजून राह्यलं?"

"माझ्या आवडीचं गाणं," भाऊ म्हणाला. "शेवट आहे."

"मंग सुरुवात?"

"ती मिलजवळ झाली."

तिने तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलू लागले. बाहेरच्यांना वाटलं पोरीला फारच भरून आलं. तिची आई पुन्हा पहिल्यापासून रडायला लागली. भाऊ मात्र सकाळपासून पहिल्यांदाच हसला.

घरी आल्यावर तिने ती कॅसेट मागून घेतली, पूर्ण ऐकली, आणि मग आशेने उलटून लावली.