मस्कत द्राक्षांचा वानोळा

लेक नाशकाकडे दिली आहे. ती आणि जावई द्राक्षाचा मळा करतात. माल वाइनच्या कारखान्याला जातो. हे मी आमच्या केनवडात कोणाला सांगितलं नव्हतं. गावात दारूबंदीचं मतदान झालं तेव्हा घरोघर फिरून बायका मीच बाहेर काढल्या होत्या. मग कोणत्या तोंडानं सांगणार?

यंदा होळीच्या आधी ती एक पेटी घेऊन आली. मस्कत जात, म्हणाली. पेटी उघडताच घरभर गुलाबासारखा वास सुटला. मणी बारीक, पिवळसर. साल जाड, आत बिया. गोड इतके की बोटं चिकटली. साल जाड असते म्हणूनच वास टिकतो, मणी फुगवले तर तो पातळ होतो, तोडणी पहाटे गारव्यात करावी लागते, असं सगळं तिनं मला जेवताना सांगितलं.

माहेरी आलेल्या लेकीनं काही आणलं की गल्लीत वानोळा द्यायचा असतो. तिला घेऊनच निघाले. शेजारणीच्या ओट्यावर चारपाच बायका बसल्या होत्या. शेजारणीनं मणी तोंडात टाकला, बी थुंकली.

"काय वं, इतके बारके? जावई वेलीले पाणी देत नाही काय?"

"बजारातले कसे लांब लांब रायतात," दुसरी म्हणाली. "हे तं बकरीच्या लेंड्या!"

बायका हसल्या. लेक माझ्याकडे पाहत होती. मला सगळं ठाऊक होतं, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "नवीन हायेत अजून. शिकतीन हळूहळू."

तिच्या मळ्याला कितीतरी वर्षं झाली आहेत.

"मावशी, हे वाइनचे द्राक्षं हायेत," लेक म्हणाली. "बारकेच लागतात. आमाले येते शेती."

शेजारणीनं आणखी दोन मणी तोडले. "मंग तसं सांगा ना! मी म्हणो, वास तं अत्तरावानी, अन् रूप असं काहून?"

पुढच्या घरी लेक आली नाही. मी वाटून परतले तेव्हा ती पिशवी भरत होती.

"लोक काय म्हणतीन, असं वाटलं मले," मी म्हटलं.

"लोक हसले त्याचं काही नाही, आई. त्यायले माहीत नव्हतं. तुले माहीत होतं."

दोन दिवस राहायला आलेली लेक त्याच दुपारच्या गाडीनं वाशीमला, तिथून नाशकाला गेली.