बाईंच्या पडद्यावरची किनार

ऐंशीचं दशक अर्धं उलटून गेलं होतं. सीताबर्डीवर एका अरुंद जिन्याच्या वर आमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशीन, एक पंखा, मालक आणि मी. मी पंचविशीतला होतो आणि अख्ख्या नागपुरात आपल्याएवढं डोकं कोणाला नाही अशी माझी पक्की खात्री होती. आता आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

लकडगंजातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसनं आमच्याकडून कॉम्प्युटर घेतला. ट्रकबरोबर जाणारा मालाचा कागद, म्हणजे बिल्टी, तिथल्या बाई वीस वर्षं टाइपरायटरवर काढत आल्या होत्या. नवरा कामठीला पॉवरलूमवर होता. तो गेल्यापासून घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालायचं. शेठनं त्यांना दीड महिना दिला. तेवढ्यात मशीन शिकून दाखवा, नाही तर त्या खुर्चीवर पुतण्याला बसवतो, असं तोंडावर सांगितलं. शिकवायला आठवड्यातून तीनदा मी जायचो.

बाई शिकल्या. चांगल्या शिकल्या. टायपिंगचा हात होताच, भीतीही आठ दिवसांत गेली आणि मग माझीच फिरकी घ्यायला लागल्या. एकदा पडद्यावरच्या चौकोनांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "काहून गा, एवढं महागाचं मशीन अन् हे खोके असे उघडेबोडके काहून दिसून राहिले? आमच्याकडे साध्या पंचालेही काठ असते."

त्या हसत म्हणाल्या होत्या. मी मात्र ते डोक्यात घेतलं. प्रोग्राम मुंबईहून तयार आलेला, त्याच्या आत हात घालायची सोय नव्हती. म्हणून मी वेगळाच एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. तो आधी सुरू करून ठेवायचा. मग मोठ्या प्रोग्रामनं चौकोन किंवा बटण काढलं रे काढलं, की माझा त्याच्यावरून आपली किनार चढवणार. साडीला मागाहून फॉल लावतात ना, तसं. किनार कोणती? करवती. आमच्या घरी मागावर तीच निघायची. छोटे त्रिकोण एकाला एक लावून मी हुबेहूब करवतीचे दात काढले. प्रोग्राममध्ये निवडलेलं बटण उजळ पट्टीनं दिसायचं. ती पट्टी मला भद्दी वाटली, म्हणून मी ती झाकून टाकली. निवडलेल्या बटणाला लाल काठ, दुसऱ्याला हिरवा. आमच्या दुकानातल्या रंगीत पडद्यावर असं काही खुललं म्हणता, मी मालकाला ओढून आणून दाखवलं.

दीड महिना भरला, त्या परीक्षेच्या दिवशी सकाळी मी ते बाईंच्या मशीनवर चढवलं. सकाळी! आदल्या आठवड्यात नाही. ऐन वेळी शेठसमोर दिमाख दाखवायचा होता ना मला. बाईंनी पदर सावरत पडद्यावर पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, करवती! लुगडंच नेसवलं की गा त्याले!" त्या खुश झाल्या, मी त्यांच्याहून खुश.

दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या बिल्ट्या भरल्या. एक चूक नाही. शेठ मागे येऊन उभा राहिला. शेवटी पडद्यावर दोन बटणं आली, एक सेव्ह, एक डिलीट. बाईंनी बाणाची कळ दाबली. काही हललेलं दिसेना. पुन्हा दाबली. पुन्हा. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उभ्या उभ्या म्हणालो, "दाबा हो एन्टर, पाहता काय!"

त्यांनी दाबलं आणि सकाळपासूनचं सगळं काम पुसलं गेलं.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. बाईंचा पडदा एकरंगी होता. हिरवा. माझा लाल काठ आणि माझा हिरवा काठ त्यावर सारखेच. कोणतं बटण निवडलंय हे त्या पडद्यावर खुद्द मलाही सांगता आलं नसतं. आणि हे मी एकदाही तपासलं नव्हतं. किनार उमटते ना, एवढं पाहून मी हात झटकले होते.

बाहेर ट्रक उभे, ड्रायव्हर ओरडताहेत. शेठ शांतपणे म्हणाला, "बाई, आपसे नहीं होगा." बाईंचे हात कळांवर तसेच राहिले. त्यांनी मला विचारलं, "मीच चुकली का गा?"

एक वाक्य बोलायचं होतं हो. नोकरी जाईल, मालक काय म्हणेल, शेठ मशीन परत करेल, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं आणि मी म्हणालो, "हो, घाई केली तुम्ही."

आठवड्यात पुतण्या त्या खुर्चीत बसला. मी जाऊन ती किनार काढून टाकली. दहा मिनिटं लागली. कोणी काही विचारलं नाही.

दोन-अडीच वर्षांनी कामठीच्या बसथांब्यावर बाई दिसल्या. मी तोंड लपवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. एका पापडाच्या कारखान्यात कामाला जात होत्या. बरोबर मुलगी होती, बारावी झालेली. बाई तिला म्हणाल्या, "पाह्य वं, यानंच मले शिकवलं होतं. बिचाऱ्यानं लय जीव लावून शिकवलं." मग माझ्याकडे वळून, "हे पोरगी म्हणते कॉम्प्युटरचा क्लास लावते. मी नाही म्हटलं. आपल्याले नाही जमत ते, उगाच काहून पोरीनं हसं करून घ्यायचं?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "असं काही नसतं बाई. जमतं की. लावू द्या तिला."

"लहान पोरीसारखं नको समजावू गा मले," बाई हसून म्हणाल्या. "तूच तर सांगितलं होतं ना, माझंच चुकलं म्हणून."

बस आली. मी मुलीच्या हातातली पिशवी वर चढवून दिली आणि खालीच उभा राहिलो.