थोडी हलकी

सरावानंतर मुली केळी खात होत्या. शरयूने आपलं केळं मोडून अर्धं शेजारणीला दिलं आणि उरलेलं इतक्या बारीक घासांनी खात राहिली, की बाकीच्या हात धुऊन आल्या तरी तिचं संपेना. दहावीतली शरयू आमच्या शाळेची लांब पल्ल्याची धावपटू, आणि मी तिची खेळाची शिक्षिका. तिचं मनगटावरचं घड्याळ पार कोपरापर्यंत घसरत होतं. ते मला आजच कसं दिसलं?

“बरं नाही का गं?” मी विचारलं.

“छान आहे, मॅडम. चार महिने पाळीसुद्धा नाही. कटकटच मिटली.”

ती हसत होती. तिच्या वयात मीही धावायचे. माझीही पाळी थांबली होती, आणि मीही ती मेहनतीची पावती समजले होते. आतून हाडं मात्र ठिसूळ होत होती; पुढे साध्या उडीत पायाचं हाड मोडलं, आणि धावणं संपलं.

“उद्यापासून पळणं बंद. आधी डॉक्टरांकडे जायचं.”

तिचा चेहरा उतरला. “पण मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, थोडी हलकी झालीस तर पहिली येशील?”

म्हणाले होते. सहज, सगळ्या मुलींसमोर. मुलींच्या अंगाबद्दल आपण किती सहज बोलतो, आणि त्या ते जेवायला बसताना आठवतात.

मैदानाला तीन फेऱ्या मारल्या तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी तिच्या आईला फोन लावला आणि सगळ्यात आधी माझं ते वाक्य सांगितलं.