माहेरवाशीण कोणाला म्हणायचं

बारामतीच्या एका कॉलेजात मी पोरांना वादविवाद शिकवतो. माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: आधी शब्दाचा अर्थ ठरवा, मग भांडा. गावी, लासुर्ण्यात, चहाच्या टपरीवरही मी हेच करतो, त्यामुळे माझ्याशेजारी बसायला लोक जरा कचरतात.

या वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी गावच्या सगळ्या माहेरवाशिणींना बोलवायचं ठरलं. सुनांनी त्यांचे पाय धुवायचे, ओटी भरायची, गोडाधोडाचं जेवू घालायचं. माझी धाकटी बहीण तेव्हापासून फोनला चिकटलेली. इंदापूर, निमगाव केतकी, कुठं कुठं लग्न करून दिलेल्या शाळेतल्या मैत्रिणी ती हुडकून काढत होती. नवऱ्याचं घर कायमचं सोडून ती आमच्याकडं आली त्याला बरीच वर्षं झाली. आमचा गोठा तीच बघते.

देवळातल्या बैठकीत एकानं विचारलं, "परत आलेल्या लेकींचं काय? त्यास्नी पन बसवायचं न्हवं?"

"त्यास्नी काय बोलवायचं?" एक तात्या म्हणाले. "त्या हितंच हायत की."

लेक ती लेक, असं पहिल्याचं म्हणणं. मान पाहुणीचा असतो, असं तात्यांचं. आवाज चढले तसे सगळे माझ्याकडं वळले. "सर, तुमी सांगा."

मला हेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. मी उभा राहिलो. म्हणालो, लेक आणि माहेरवाशीण हे दोन वेगळे शब्द आहेत. सासरी नांदते आणि चार दिवस माहेरी येते, ती माहेरवाशीण. कायमची राहते ती घरची. वाद मिटला. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर छाती फुगवून मी घरी निघालो. बहीण अंगणात समोर दिसली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

बातमी तिला आधीच पोचली होती. "बरोबर हाय तुझं, दादा," एवढंच बोलून ती धारा काढायला गेली. मला परत जाऊन शब्द मागं घेता आला असता, देऊळ हाकेवर होतं. पण जिंकलेला वाद हरायला जायचं माझ्या जिवावर आलं. बोललो त्यापेक्षा या न जाण्याची लाज मला जास्त वाटते.

कार्यक्रमात मी माइकवर होतो. बहीण सुनांना पाणी भरून देत होती. तिनंच शोधलेल्या मैत्रिणी ओळीनं पाटावर बसल्या होत्या. एकीनं तिचा हात धरून शेजारी ओढलं, तर तिनं हसून हात सोडवून घेतला.

संध्याकाळी माझ्या बायकोनं घरातच पाट मांडला आणि नणंदेला बळंच बसवलं. मी दारात उभा होतो. बायको तांब्या घेऊन वाकली, तसे बहिणीनं पाय साडीत आखडून घेतले.

"ऱ्हाऊ दे वैनी," ती म्हणाली. "मी कुठं सासरनं आलीय?"